पेटीतली वही संपादकापर्यंत

येरमाळ्याहून बोलतेय.

बचतीचे पैसे जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की आपल्या बैठकीत खरं बोलणं सुरू होतं. कुणी ऊसतोडीच्या फडावरचं सांगते, कुणी येडाईच्या यात्रेत चुनखडी वेचताना सासूची चुकामूक कशी झाली ते. बाकीच्या जागच्या हलत नाहीत. काहीजणी असं घडलेलं लिहूनही ठेवतात, लेकराच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर. मग ती वही पेटीत लुगड्यांखाली जाते. आज त्या वहीबद्दल बोलायचंय.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या, तेही नवऱ्यापासून लपवून, वर्षानुवर्षं. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना ते कळलं आणि त्यांनी छापायचा आग्रह धरला. ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. ते आत्मकथन आहे, कथा नव्हे. पण वही बाहेर काढायची वाट दोन्हीला एकच.

आधी कथेचं सांगते. बहुतेकजणी जन्मापासून लिहायला घेतात. माहेर, लग्न, बाळंतपणं, दुष्काळ, सगळं चार पानांत. त्याची कथा होत नाही, यादी होते. आपल्याच कळंब तालुक्यातले भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ तुमच्यापैकी अनेकींनी शाळेत वाचली असेल. त्यात काय आहे? एक बाजार, टोमॅटो विकायला आलेला बाप आणि पोरगा, आणि पडलेला भाव. शेतकऱ्याच्या दैन्यावर भाषण कुठंच नाही. बाप आपलाच माल पायांनी तुडवतो, आणि वाचणाऱ्याला सगळं कळतं. तसा तुमचा एक दिवस निवडा. बँकेत अंगठा न लावता पहिल्यांदा सही केली तो दिवस घ्या, किंवा टँकरच्या रांगेत जाऊबाईशी अबोला सुटला ती सकाळ. बोलता तशीच भाषा लिहा. ‘मी अत्यंत व्यथित झाले’ असं आपल्यात कुणी म्हणत नाही. ‘माझ्या पोटात कालवलं’ असं म्हणतो, तेच लिहा. शेवटी ‘म्हणून मुलींना शिकवा’ जोडू नका. ते आपण सभेत सांगतोच.

लिहून झालं की आठ दिवस वही उघडू नका. मग मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य तोडा.

आता पाठवणं. याचीच सगळ्यांना धास्ती, आणि मला वाटतं ती उगीच आहे. बँकेला कर्जाचा प्रस्ताव पाठवणाऱ्या बायका आपण. त्यापुढं हे काम सोपं आहे. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, ओळींत अंतर ठेवून लिहा. पानांना क्रमांक घाला. मोबाईलवर बोलून टाइप केलंत तरी चालेल, पण नंतर डोळ्यांनी तपासा, फोन ‘विहीर’ऐवजी काहीही लिहून ठेवतो. सोबत चार ओळींचं पत्र: कथेचं नाव, आपलं नाव, पत्ता, फोन, आणि ‘ही कथा माझी स्वतःची असून कुठेही छापलेली नाही’ हे वाक्य. मूळ प्रत कधीच पाठवू नका, झेरॉक्स घरी ठेवा. मासिकाचा पत्ता आणि ईमेल अंकाच्या सुरुवातीच्या पानांवर असतो. मात्र तो अंक वाचल्याशिवाय कथा पाठवू नका. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेलं ‘मिळून साऱ्याजणी’ वेगळं, मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ वेगळं. वाचनालयात बसून जुने अंक चाळा.

दिवाळी अंक ही तर आपल्या मराठीची खासियत. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही परंपरा रुजली. पण दिवाळीच्या अंकाला दसऱ्यात कथा पाठवून उपयोग नाही. श्रावण लागायच्या आत ती पोचलेली बरी.

एक कथा एका वेळी एकाच मासिकाला पाठवायची. वहीत रकाने पाडा: कथा, मासिक, पाठवल्याची तारीख, उत्तर. तीन महिने वाट बघा, मग एकदा विचारा, आणि नकार आला तर दुसरीकडे पाठवा. ‘साभार परत’ म्हणजे कथा वाईटच असं नाही. कधी जागा नसते, कधी त्याच विषयावरची दुसरी आधीच घेतलेली असते. आपला प्रस्तावही एका शाखेनं परत केला म्हणून आपण गट मोडत नाही.

एक सावधगिरी. ‘तुमची कथा निवडली, इतके रुपये भरा, पुस्तकात छापू, प्रमाणपत्र देऊ’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. भरू नका. चांगलं मासिक कथा छापायला लेखिकेकडून पैसे मागत नाही. मानधन मिळेलच असं नाही, लहान मासिकं अनेकदा फक्त अंकाची प्रत देतात, पण पैसे जाणार असतील तर ते आपल्या खिशातून नव्हे. आणि कागद न वाचता सगळे हक्क लिहून देऊ नका. कायद्यानं कथेचा हक्क मुळात लिहिणारीचाच असतो.

राहिला सगळ्यात नाजूक प्रश्न, घरच्यांचा आणि गावाचा. ‘ही आमचीच गोष्ट लिहिली’ असं कुणी म्हणालं तर? गाव बदला, नातं बदला, धंदा बदला, लेकरांची संख्या बदला. भावना तीच ठेवा. तरी भीती वाटत असेल तर टोपणनाव घ्या. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावानं आणला. बाईच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही कोण, म्हणून केवढी खळबळ झाली. संपादकाला मात्र खरं नाव कळवायचं आणि पत्रात स्पष्ट लिहायचं की छापताना टोपणनाव टाका. मानधन आलंच तर ते आपल्याच खात्यात मागा, नवऱ्याच्या नाही.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी आणा. हिशोब झाल्यावर अर्धा तास वाचन ठेवू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, गटातली एखादी शिकलेली पोरगी लिहून घेईल. नाव मात्र सांगणारीचंच लावू.