दाढेचा दाखला

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या पाळीच्या परिसरात डोंगर कितीही खोल कापला तरी माकडाच्या पूर्वजाचा एक दात हाती लागायचा नाही. पाळी, वेळगे, सुर्ल या पट्ट्यातल्या खाणींनी बाहेर काढलेलं लोहखनिज दोन अब्ज वर्षांहून जुन्या खडकातलं आहे. तेव्हा पृथ्वीवर दात असलेला प्राणीच नव्हता. वरची जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात आपला पाऊस. अलीकडे मेलेल्या जनावराचं हाडही इथे फार काळ टिकत नाही. म्हणजे कुळागरात माकडांची दाटी आणि त्यांच्या वाडवडिलांचा पत्ता नाही. तो पत्ता दुसऱ्याच एका खाणीत सापडतो, पण आधी समोरच्या माकडाच्या तोंडात डोकावू.

बागायतदाराला माकडाचे दात ओळखीचे आहेत, ते चावलेल्या बोंडूवर आणि भोक पाडलेल्या कोवळ्या नारळावर. शास्त्रज्ञ मात्र मागच्या दाढा बघतो. लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचा वानर, दोघांनाही 32 दात. जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात 2 पटाशीचे, 1 सुळा, 2 उपदाढा, 3 दाढा. तुमचा-आमचा हिशेबही हाच. फरक दाढेच्या माथ्यावर आहे. आपल्या दाढेवर गोलसर उंचवटे असतात. या दोघांच्या दाढेवर चार उंचवटे जोडीजोडीने उभे असतात आणि प्रत्येक जोडीला एक आडवा कणा सांधतो. आशिया-आफ्रिकेतल्या यच्चयावत माकडांच्या दाढांवर हे दोन कणे आहेत. ही घराण्याची खूण.

त्याच दाढेवर दुसरी एक गोष्ट लिहिलेली असते, ती आहाराची. पानं कातरणाऱ्या वानराचे उंचवटे उंच आणि धारदार. फळं-बिया चिरडणाऱ्या लाल तोंड्याचे बुटके आणि बोथट. वंश शोधणाऱ्याची सगळी कसोटी इथे लागते. दोन प्राण्यांची दाढ सारखी दिसली, तर ते भाऊबंद म्हणून की दोघांचं खाणं एक म्हणून? म्हणून जाणकार आहाराशी ज्यांचा फारसा संबंध नाही अशा बारीक खुणांवर अधिक भरवसा ठेवतात. खालच्या शेवटच्या दाढेला मागे एक पाचवा उंचवटा असतो. आपल्या दोन्ही माकडांना तो आहे. आफ्रिकेतल्या ग्वेनॉन कुळात तो नाही, आणि त्याच कुळातल्या जेमतेम किलो-सव्वा किलोच्या टॅलापॉइनलाही नाही. एवढ्याशा टेंगळावरून कूळ ठरतं.

काणकोणच्या खोतीगाव अभयारण्यातली लाजवंती, म्हणजे लोरिस, तर आणखी वेगळी. तिला 36 दात, आणि खालच्या जबड्यातले पुढचे सहा आडवे, चिकटून फणीसारखे बसलेले. ती त्यांनी अंगावरचे केस विंचरते. अशीच फणी मादागास्करच्या लेमूरांना आहे. मधे अख्खा हिंदी महासागर असला तरी नातं लपत नाही.

दातांवर इतका भर का, याचं कारण साधं आहे. एनॅमल सुमारे 96 टक्के खनिज असतं. शरीरात त्याहून कठीण काही नाही. दाताचा माथा एकदा घडला की पुढे झिजतो, पण वाढत नाही. लहान प्राण्याची नाजूक हाडं कोल्हीकुत्री चावून संपवतात, दात तेवढे मातीत उरतात. कित्येक नामशेष प्राणी आपल्याला चार-दोन दातांपुरतेच माहीत आहेत.

आता ती दुसरी खाण. सुरत जिल्ह्यात वस्तान इथे लिग्नाइटच्या थरांमधल्या मातीत सुमारे 5.4 कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या प्राण्यांचे अवशेष मिळाले. माती भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची आणि उरलेला गाळ भिंगाखाली निवडायचा, असं हे काम. 2008 मध्ये सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी मोजक्या सुट्या दातांवरून ‘अँथ्रासिमियस गुजरातेन्सिस’ हा प्राणी मांडला. अंदाजे वजन 75 ग्रॅम, आणि दावा असा की माकड-मानवांच्या शाखेचा हा आशियातला सर्वांत जुना सदस्य. पुढच्याच वर्षी केनेथ रोझ आणि सहकाऱ्यांनी तेच दात तपासून सांगितलं की हा वेगळा प्राणीच नव्हे. वस्तानच्याच ‘मार्कगॉडिनोटियस’ या लेमूरसदृश प्राण्याचे हे दात. मला रोझ यांचं म्हणणं पटतं. काही सुट्या दातांवर अख्ख्या शाखेचं मूळ टांगणं जरा जास्तच होतं. 2016 मध्ये त्याच खाणीतल्या हातापायांच्या 25 हाडांचा अभ्यास आला, आणि हे प्राणी अगदी आदिम ठेवणीचे असल्याचं दिसलं.

भारतातल्या दातांनी याआधीही चकवलं होतं. 1932 मध्ये हिमाचलातल्या हरितल्यांगर इथे एडवर्ड लुईस यांना वरच्या जबड्याचा तुकडा सापडला. ‘रामापिथेकस’ असं त्याचं नाव ठेवलं गेलं. 1960 च्या दशकात तो माणसाचा थेट पूर्वज मानला गेला. पुढे पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर त्याच्याच जवळच्या प्राण्याचा जवळजवळ पूर्ण चेहरा मिळाला, तो निघाला ओरांगउटानच्या वळणाचा. 1982 मध्ये तो चेहरा जगापुढे मांडणारे डेव्हिड पिलबीम हे पूर्वी मानव-पूर्वज पक्षाचेच प्रमुख वकील होते. आपला दावा असा जाहीरपणे सोडणारे विद्वान थोडे.

जिवंत माकडांतही दाताची साक्ष उलटते. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट-टॅमरिनना तिसरी दाढ नसते. त्यांच्या 32 दातांत उपदाढा तीन आणि दाढा दोन. 1904 मध्ये गोएल्दी यांच्या नावाने नोंदलेल्या ‘कॅलिमिको’ला मात्र ती तिसरी दाढ आहे. म्हणून फिलिप हर्श्कोवित्झ यांनी त्याला स्वतंत्र कुळात बसवलं. नंतर डीएनएने सांगितलं की ते मार्मोसेटचंच सर्वांत जवळचं भावंड आहे. म्हणजे तिसरी दाढ एकाहून अधिक वेळा गेली, किंवा जाऊन परत आली. दाढ मोजणाऱ्यांना दोन्ही शक्यता गैरसोयीच्याच.

तरीही डीएनए कोट्यवधी वर्षं टिकत नाही, दात टिकतात. जम्मूतल्या रामनगरला 2015 मध्ये एक दाढ मिळाली आणि 2020 मध्ये ‘कपि रामनगरेन्सिस’ जाहीर झाला. सुमारे 1.3 कोटी वर्षांपूर्वीच्या या गिबनच्या नातलगामुळे त्या शाखेची नोंद एका दाढेने सुमारे 50 लाख वर्षं मागे गेली.

तुलनेसाठी आजच्या माकडांचे दातही लागतातच. कुठल्या गावचे, कधीचे हे ठाऊक असलेले. तेव्हा कुळागरात किंवा रानात माकडाचा जबडा पडलेला दिसला तर तो घरी नेऊ नका आणि फेकूनही देऊ नका. आहे तिथेच फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि वनखात्याला कळवा.