खऱ्यातून निघालेली फुंकर

'सूदिंग' हा इंग्रजी शब्द आता आपल्या घरात सर्रास वावरतो. भिंतीचा रंग सूदिंग, गाणं सूदिंग, उन्हाने भाजलेल्या कातडीवरचं लोशनही सूदिंग. अर्थ विचारला, की 'शांत करणारं' असं सांगून आपण मोकळे होतो. ते चूक नाही, अपुरं आहे.

समुद्र नुसताच शांत असेल, तर इंग्रजीत त्याला वेगळं विशेषण आहे. त्याची गाज ऐकून आपलं शिणलेलं मन निवलं, तर ती गाज सूदिंग. म्हणजे या शब्दाच्या आधी कुठेतरी दुखणं, आग किंवा रडणं असतं. विशेषण लागतं ते उतारा देणाऱ्याला, उतारा पडलेल्याला नव्हे. आईचा आवाज सूदिंग. निजलेलं बाळ नाही. मराठीत मात्र यासाठी एकच शब्द पुरत नाही. कातडीला थंडावा, मनाला दिलासा, शोकात सांत्वन, आणि रुसलेल्याची समजूत. यातला 'दिलासा' फारसीतून आला; त्यातलं 'दिल' ओळखीचंच आहे.

आता गंमत पाहा. 'सूद' या क्रियापदाच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला 'सत्य' या अर्थाचा शब्द आहे. आपल्या 'सत्' आणि 'सत्य' यांचा तो दूरचा भाऊबंद. आधी या क्रियापदाचा अर्थ होता, खरं ठरवणं. सोळाव्या शतकात तो झाला दुसऱ्याच्या बोलण्याला दुजोरा देणं. मग त्याच्या कलाने घेणं, खूश ठेवणं. सतराव्या शतकाच्या अखेरीस 'शांत करणं' हा आजचा अर्थ आला. खऱ्यापासून निघालेला शब्द हांजीहांजीच्या गल्लीतून फिरून इथे पोहोचला.

या गल्लीत धोकाही आहे. अमेरिकेत 1849 पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' नावाचं औषध विकलं जाई. दात येताना रडणारी बाळं त्याने गप्प होत, कारण त्यात अफूपासून काढलेलं मॉर्फिन होतं. काही बाळं पुन्हा उठलीच नाहीत. असे घटक बाटलीवर छापण्याची सक्ती 1906च्या कायद्याने झाली. रडं थांबलं म्हणजे दुखणं थांबलं, असं नसतं.

अम्मीच्या शेवटच्या आजारात मीही असंच सिरप पाजत होतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. खाटेपाशी येऊन मी म्हणालो, ''काही नाही अम्मी, अशक्तपणा आहे.'' ती म्हणाली, ''लहानपणीही खोटं बोलताना तू असाच खाली बघायचास.''

मग मी खरं ते सांगितलं. हळू आवाजात, तिचा हात हातात घेऊन. ती थोडा वेळ गप्प राहिली. पाणी मागितलं. म्हणाली, ''आपाला बोलावून घे. तिच्याशी बोलायचं राहिलंय.'' त्या रात्री ती कित्येक दिवसांनी स्वस्थ झोपली.

आपण 'समजूत काढणं' म्हणतो. त्यात 'समज' आहे, फसवणूक नाही. सूदिंगला मराठी प्रतिशब्द कुणी विचारला, तर मी आधी विचारतो, कशासाठी हवाय? कातडीसाठी असेल तर थंडावा म्हणा. माणसासाठी असेल, तर त्या शब्दाचं मूळ विसरू नका.