तार बारीक, हीटर जड

पौषात परभणीकडे पहाटेचा गारठा असा पडतो, की चुलीपुढे बसून पाणी तापवणे नकोसे होते. त्यामुळे रॉड आणि गिझर आता खेडोपाडी आले आहेत. येवोत बापडे, पण ते कोणत्या तारेवर चालतात, हे घरधन्याने एकदा स्वतः पाहावे.

गेल्या थंडीत आमच्या दाजींनी गोठ्यालगतच्या न्हाणीत रॉड लावला. जोड घेतला गोठ्यातल्या दिव्याच्या वायरीवरून. फ्यूज दोनदा उडाला. तिसऱ्यांदा दाजींनी त्यात जाड तार गुंडाळली. मग उडाला नाही! चौथ्या दिवशी ताईला जळका वास आला. पाहते तो, कडब्याच्या गंजीमागून गेलेली वायर हाताला मऊ लागत होती. वर्षाची वैरण तेवढ्यावर वाचली.

फ्यूज काय किंवा एमसीबी काय, तो बसवतात तार जळू नये म्हणून. तो वारंवार उडतो तेव्हा तारेला भार झेपत नाही, असे समजावे.

हिशेब सोपा आहे. रॉडवर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागा. २००० वॅटचा रॉड जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा गिझर १३. दिव्याचा प्लग असतो ६ अँपिअरचा. तेव्हा हीटरसाठी बोर्डापासून वेगळी लाइन घ्यावी: अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग आणि १६ चाच एमसीबी. आधी भार, मग तार, मग एमसीबी, हा क्रम उलटू नये. अडीचच्या तारेवर ३२ चा एमसीबी म्हणजे दाजींची जाड तारच!

गोठा लांब असेल तर चार चौरस मिलिमीटरची तार बरी. एक चौरस मिलिमीटरच्या तारेतून २००० वॅट ४० मीटर नेले, तर सुमारे १०० वॅट वाटेतच तार तापवण्यात जातात. पाणी तापायला उशीर, आणि बिल आपलेच.

मात्र १६ चा एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. आणि पाणी कोमट झाले का, हे पाहायला बादलीत बोट घालण्याआधी बटण बंद करून पिन काढावी. लेकरांना तर रॉडजवळ फिरकूच देऊ नये.

दाजींनी वायरमन बोलावून नवी लाइन ओढून घेतली. जुनी वायर ताईने गोठ्याच्या खुंटीला मुद्दाम टांगून ठेवली आहे.