पाहुण्यांचे कूळ

'हक्का नूडल्स' हे नाव आता आपल्याकडे गावोगावच्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांवरही वाचावयास मिळते. त्यातील 'हक्का' म्हणजे काय, असे विचारले, तर बहुधा गाडीवालाही गोंधळून जाईल. हक्का हे चिनी लोकांतील एका समाजाचे नाव असून त्याचा अर्थ 'पाहुण्यांचे कूळ' असा आहे.

हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी दिले. युद्धे आणि अंदाधुंदी यांमुळे त्यांचे पूर्वज शतकानुशतके उत्तर चीनमधून दक्षिणेकडे येत राहिले. तेथील सुपीक सखल जमीन आधीच इतरांकडे होती. नवागतांच्या वाट्याला डोंगरउतार आले. पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत राबूनही ते पाहुणेच राहिले. १८५५ ते १८६७ या काळात तर ग्वांगडोंग प्रांतात जुने रहिवासी व हक्का यांच्यात रक्तपात झाला. पोटासाठी कित्येकांनी समुद्र ओलांडला. कोणी मलायात गेले, कोणी मॉरिशसला, कोणी जमैकाला. वडिलार्जित जमीन विकावी लागली तरी चालेल, पण पूर्वजांची बोली विसरू नये, अशी त्यांच्यात एक म्हण आहे.

काही हक्का कलकत्त्यास आले आणि टँग्रा भागात त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले. येथील उच्चवर्णीय या कामाचा विटाळ मानीत. हक्कांना श्रमाची लाज नव्हती. चीनमध्ये मुलींची पावले बांधून ती लहान ठेवण्याची क्रूर चाल होती, तेव्हाही हक्कांनी ती पाळली नव्हती. त्यांच्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने शेतात खपत. टँग्रातही कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांत राबू लागली. घरात हक्का आणि बाहेर हिंदी व बंगाली, अशा भाषा त्यांच्या तोंडी रुळल्या. तेथील चिनी लोक कालीमातेचीही पूजा करतात. तिच्या प्रसादात नूडल्स असतात!

परंतु १९६२ साली चीनशी युद्ध झाले आणि या मंडळींकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. आसाम, दार्जिलिंग इत्यादी भागांतील सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत हक्का होते, आणि ज्यांनी चीन कधी पाहिलाही नव्हता, अशी येथेच जन्मलेली मुलेही होती. काहींची सुटका होण्यास १९६७ साल उजाडले. हा अन्याय होता, हे आज स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

त्यानंतर अनेकांनी कॅनडाची वाट धरली. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे कातड्याचे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला, तेव्हा टँग्रा आणखी ओस पडले. मागे राहिलेल्यांतील काहींनी कारखान्यांच्या जागी उपाहारगृहे थाटली.

टोरांटोत आज 'हक्का' म्हटले, की लोकांना मिरची, आले, लसूण घातलेले कलकत्त्याच्या चवीचे चिनी पदार्थ आठवतात. त्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर हक्का हे नाव ठळक असते. आत मात्र आजी हक्का बोलीत हाक मारते आणि नातवंडे पुष्कळदा इंग्रजीत ओ देतात.