फोटोतली पांढरी वर्तुळे

शाळेच्या कपाटात किंवा घरातल्या एखाद्या खणात जुना छोटा डिजिटल कॅमेरा पडून आहे का, ते जरा शोधून पाहा. आम्ही म्हणतो तो खिशात मावणारा, रोखायचा आणि बटण दाबायचे एवढेच काम असलेला कॅमेरा. मोबाइलमध्ये बरा कॅमेरा येण्यापूर्वीची दहा-बारा वर्षे आपल्याकडच्या सहली, बारशी आणि स्नेहसंमेलने याच कॅमेऱ्यांनी टिपली. २०१० साली जगभरातल्या कारखान्यांतून बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाहेर पडले आणि त्यांत बहुसंख्य हे छोटेच होते. २०२३ साली सगळ्या प्रकारचे मिळून हा आकडा एक कोटीच्याही आत आला होता.

तुमच्याकडचा कॅमेरा चालू असेल तर तो भंगारात देऊ नका, विज्ञानाच्या तासाला आणा. आजचा मोबाइल एका फोटोसाठी अनेक फोटो घेतो, ते एकमेकांत मिसळतो, डाग पुसतो, रंग सुधारतो आणि मग आपल्याला दाखवतो. जुना छोटा कॅमेरा इतका चलाख नाही. तो फसला की फसलेला दिसतो, आणि कुठे फसला ते पाहून त्याच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधता येतो. शिकवणाऱ्याला याहून सोयीचे उपकरण कोणते?

या फसण्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे पांढरी वर्तुळे. रात्री मैदानावर किंवा मांडवात फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत माणसांच्या आजूबाजूला, डोक्यावर, हवेत तरंगणाऱ्या फिकट पांढऱ्या चकत्या दिसतात. फोटो काढताना तिथे काहीच नव्हते, हे सगळे शपथेवर सांगतात आणि ते खरेही असते. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेकडे सातवीतल्या मुलीने असा फोटो आणला होता. घरातले लग्न, मांडवातला समूह आणि मुलीच्या खांद्याजवळ एक चकती. आदल्याच वर्षी तिची आजी गेली होती. घरच्यांनी फोटो देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. मुलीने विचारले, “बाई, ही आजीच आहे ना?” शिक्षिकेने लगेच हो किंवा नाही म्हटले नाही, हे आम्हाला फार योग्य वाटले. त्यांनी विचारले, “तशी वर्तुळे आपल्याला वर्गात काढता येतात का, पाहू या?”

वर्गात ती काढणे अगदी सोपे आहे. खिडक्या लावून घ्या. टेबलावर चार पुस्तकांची चळत करून तिच्यावर कॅमेरा ठेवा आणि तो सुमारे तीन मीटर अंतरावरच्या काळ्या फळ्याकडे रोखा. फ्लॅश ‘आपोआप’वर न ठेवता सक्तीने चालू करा. पहिला फोटो स्वच्छ हवेत काढा. मग कॅमेऱ्यापुढे हातभर अंतरात दोन डस्टर एकमेकांवर आपटा आणि ताबडतोब दुसरा फोटो काढा. (नाकावर रुमाल असू द्या.) तिसऱ्या फोटोच्या वेळी धूळ तशीच उडवा, मात्र फ्लॅश बंद करा आणि एका विद्यार्थ्याला कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट बाजूला उभे करून टॉर्चचा झोत फळ्यावर टाकायला सांगा. पहिल्या फोटोत वर्तुळे नाहीत, दुसऱ्यात ढीगभर आहेत, तिसऱ्यात पुन्हा नाहीत. म्हणजे नुसती धूळ पुरत नाही आणि नुसता फ्लॅशही पुरत नाही. धूळ हवी आणि प्रकाश भिंगाच्या अगदी शेजारून यायला हवा.

आता कारण पाहू. या कॅमेऱ्यांत फ्लॅश भिंगापासून जेमतेम तीन-चार सेंटिमीटरवर असतो. त्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातो. फळा तीन मीटरवर आणि धुळीचा कण दहा सेंटिमीटरवर असेल, तर कण तीसपट जवळ आहे, आणि त्याच्यावर पडणारा प्रकाश फळ्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या ३० × ३० म्हणजे ९०० पट आहे. डोळ्याला न दिसणारा कण एवढ्या झगझगाटात उजळून निघतो. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच वेळ टिकत असल्याने उडणारा कण किंवा पडणारा पावसाचा थेंबसुद्धा जागीच थबकल्यासारखा टिपला जातो.

पण मग तो ठिपका न दिसता मोठी चकती का दिसते? भिंग दूरच्या माणसांवर जुळवलेले असते. जवळच्या कणाकडून येणारे किरण संवेदकावर एका बिंदूत मिळत नाहीत, पसरतात. पसरलेल्या डागाला आकार मिळतो तो भिंगाच्या छिद्राचा, आणि छिद्र गोल असते. त्याचा व्यास विद्यार्थ्यांना समरूप त्रिकोणांवरून काढता येईल. भिंग दूरवर जुळवलेले असताना, नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने गुणायचे आणि कणाच्या अंतराने भागायचे. छोट्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर साधारण ६ मिलिमीटर आणि छिद्र २ मिलिमीटर धरू. दहा सेंटिमीटर म्हणजे १०० मिलिमीटरवरच्या कणासाठी उत्तर येते ०.१२ मिलिमीटर. संवेदकाची रुंदी सहा मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे चकती चित्राच्या रुंदीच्या पन्नासाव्या भागाइतकी, आणि १५ सेंटिमीटर रुंदीच्या छापील फोटोत ती ३ मिलिमीटरची. कण पाच सेंटिमीटरवर आला की दुप्पट, ६ मिलिमीटरची. या सूत्रात कणाच्या आकाराला जागाच नाही, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जरूर वेधा. चकती मोठी दिसली म्हणून तिथे काही मोठे होते असे नाही, ते फक्त जवळ होते.

एक प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. “पूर्वीच्या फिल्मच्या फोटोंत अशी वर्तुळे क्वचितच दिसायची. धूळ तर तेव्हाही होती.” बरोबर आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात चित्राची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची, आणि तेवढाच देखावा टिपायला भिंगाचे नाभीय अंतर ३५ मिलिमीटरच्या घरात लागायचे. छिद्राचे नाभीय अंतराशी गुणोत्तर दोन्हीकडे सारखे ठेवले, तर फिल्मच्या कॅमेऱ्याचे छिद्रही त्याच प्रमाणात मोठे होते. वरचे सूत्र वापरा, तोच कण आता चौकटीच्या साधारण नवव्या भागाएवढा डाग पाडेल. प्रकाश एवढ्या मोठ्या जागेत विखुरल्यामुळे डाग तीसपटीहून अधिक फिकट होतो आणि मागच्या चित्रात विरून जातो. धूळ तीच होती, फ्लॅशही होता, पण तिची चकती दिसावी इतके लहान भिंग मात्र डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर घरोघरी आले.

त्या मुलीने डस्टर आपटून स्वतः वीसेक वर्तुळे काढली, मोजली आणि घरी दाखवायला नेली. फोटो अजून देव्हाऱ्याजवळ आहे, असे शिक्षिका सांगतात. आजीचा नातीबरोबरचा तो शेवटचा मांडव असता तर, असे घरच्यांना वाटत असेल, आणि त्या वाटण्याशी विज्ञानाचे भांडण नाही. मात्र अशाच फोटोवरून कुणी घरात दोष आहे म्हणून शांत करायला पैसे मागू लागला, तर त्या घरात आता डस्टरचा प्रयोग ठाऊक असलेली एक मुलगी आहे.

फोटोत डोळे लाल दिसतात त्यालाही फ्लॅशची ही जवळीकच कारण आहे. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते. फ्लॅशचा प्रकाश तिच्यातून आत शिरतो, डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरावरून परततो आणि जवळजवळ आल्या वाटेने बाहेर पडतो. त्या वाटेवरच भिंग बसलेले आहे. म्हणून काही कॅमेरे आधी एक-दोनदा प्रकाश मारून बाहुली आकसून घेतात आणि मग फोटो काढतात. सायकलच्या मागचा लाल परावर्तक अशाच फोटोत दिव्यासारखा पेटलेला का दिसतो, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच देऊ द्या.

खो-खोच्या सामन्याचे फोटो काढणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. बटण दाबले तेव्हा गडी समोर होता, फोटोत नुसता खांब आहे! बटण दाबल्यावर हा कॅमेरा भिंग पुढे-मागे सरकवून पाहतो आणि चित्रातल्या कडा जिथे सर्वांत ठळक होतील तिथे थांबतो. एवढ्यात गडी गेलेला असतो. बटण अर्धे दाबून ही जुळवाजुळव आधीच उरकून घेता येते. कडा शोधण्याचाच हा खेळ असल्याने कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढे कॅमेरा गोंधळतो. भिंतीवर पेन्सिलीने एक जाड रेघ ओढा आणि फरक पाहा.

डोळ्याला न दिसणारी, पण धुळीपेक्षा अगदी निराळी एक गोष्टही हा कॅमेरा दाखवतो. टीव्हीचा रिमोट भिंगाकडे रोखून त्याचे बटण दाबा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहा. रिमोटच्या टोकाशी जांभळट-पांढरा दिवा लुकलुकताना दिसतो. डोळ्यांनी थेट पाहिले तर तिथे अंधार. रिमोटमधून निघणारा प्रकाश अवरक्त असतो, त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर. आपली नजर ७०० नॅनोमीटरच्या थोडे पुढे संपते, पण संवेदक सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला ११०० नॅनोमीटरपर्यंत कळते. एवढे अवरक्त आत आले तर रंग बिघडतील, म्हणून संवेदकापुढे ते अडवणारी काच बसवलेली असते. रिमोट दिसतो तो त्या काचेतून निसटलेल्या प्रकाशामुळे. वर्गात पाच-सहा कॅमेरे आणि मोबाइल जमवून कुणाची काच जास्त गळते ते पाहता येईल. रिमोट बिघडला की बॅटरी संपली, हे तपासायलाही घरी ही युक्ती कामाला येते.

आता शेवटची तक्रार. दिवेलागणीनंतर फ्लॅश न लावता काढलेल्या फोटोत रवाळ, रंगीबेरंगी ठिपक्यांचा बुजबुजाट होतो. “आमचा तर बारा मेगापिक्सेलचा आहे!” असे सांगून उपयोग नाही, उलट दुखणे काहीसे तिथेच आहे. सहा मिलिमीटर रुंदीत चार हजार पिक्सेल मांडले की एकेकाच्या वाट्याला दीड मायक्रोमीटर येते. माणसाच्या केसाच्या जाडीत असे चाळीसेक मावतील. प्रकाश कणाकणाने येतो आणि प्रत्येक पिक्सेल म्हणजे ते कण गोळा करणारी एक वाटी आहे. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तेव्हा त्यात अशा वाट्या होत्या फक्त दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागत. वाट्या वाढल्या, वेळ घटला, पण वाटीत कण कमी पडले की मोजणी डळमळते, हे तेव्हाही खरे होते.

ही डळमळ पावसात पाहता येते. कोरड्या जाड पुठ्ठ्यावर दहा ओळी आणि दहा रांगांत शंभर सारखे चौकोन आखा. रिमझिम पावसात तो दोन-तीन सेकंद आडवा धरा, लगेच आत आणा आणि प्रत्येक चौकोनातले ओले ठिपके मोजा. पाऊस सगळीकडे सारखाच पडला, तरी कुठे दोन थेंब, कुठे सात, एखादा चौकोन कोराही असेल. सरासरी चार थेंब असतील तर चढउतार साधारण चारच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे दोन येतो. निम्माच फरक! हाच तो रवाळपणा. आता चार-चार चौकोन एकत्र करून पंचवीस मोठे चौकोन करा. सरासरी सोळा होईल, चढउतार चार. म्हणजे सोळात चार, पूर्वीच्या निम्म्याने कमी. मोठा पिक्सेल असलेला महागडा कॅमेरा हेच करतो. मोबाइलमधला पिक्सेल लहानच असतो, म्हणून तो एकामागून एक फोटो घेऊन त्यांतले थेंब एकत्र मोजतो. दुसरा, तिसरा, चौथा पुठ्ठा धरून तीही पद्धत करून पाहा, आणि चारही पुठ्ठ्यांवरचे आकडे चौकोनागणिक मिळवा. पावसाळा लांब असेल तर झारी चालेल, फक्त ती उंचावर धरून हलवत ठेवा.