डक्टमधलं एकच रीडिंग का चालत नाही?

निफाड-पिंपळगावकडे निर्यातीची द्राक्षं तोडल्यावर आधी प्रीकूलिंगला जातात. तिथे हवा कमी पडली, तर पेटीतले आतले घड उशिरा थंड होतात, देठ सुकतात. म्हणून डक्टमधली हवा मोजायची. पण मीटर मधोमध धरून एकच रीडिंग घेऊ नका. घर्षणामुळे भिंतीजवळ हवा मंदावते.

समजा, डक्ट 0.5 बाय 0.4 मीटर, म्हणजे क्षेत्रफळ 0.2 चौरस मीटर. मध्यभागी वेग सेकंदाला 6 मीटर, पण सरासरी 5. मग खरा प्रवाह सेकंदाला 1 घनमीटर. तुम्ही लिहाल 1.2. म्हणजे 20 टक्के फुगवलेला!

उपाय सोपा आहे. वळणापासून लांब, डक्टच्या छेदाचे समान चौकोन कल्पा, प्रत्येकाच्या मध्यावर वेग आणि तापमान घ्या, आकडा स्थिरावू द्या, मग सरासरी काढा. आणि किती बिंदू घेतले, तेही प्रबंधात लिहा.