कडाक्याची थंडी पडली म्हणजे बर्फ पडतोच असं नाही

डिसेंबर लागला की मनाली-गुलमर्गच्या सहली ठरू लागतात आणि फोनवर हमखास विचारलं जातं, "तिकडे थंडी वाढली का? मग बर्फ मिळेल ना?" थंडी आणि बर्फ यांची अशी थेट सांगड घालणं हाच पहिला गैरसमज.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस 'चिल्लई कलां'चे, वर्षातल्या सर्वांत कडक थंडीचे. २०२४च्या जानेवारीतही श्रीनगरचा रात्रीचा पारा शून्याखाली जात होता. तरी गुलमर्गचे उतार महिन्यातला बराच काळ कोरडे, तपकिरी राहिले. बर्फाला थंडीइतकाच ओलावा लागतो, आणि तो आणणारे पश्चिमी झंझावात त्या काळात जवळजवळ फिरकलेच नाहीत. महिनाअखेरीस ते आले आणि गुलमर्ग पांढरं झालं.

हे झंझावात म्हणजे चक्रीवादळं नव्हेत. 'निसर्ग'सारखं चक्रीवादळ गरम समुद्रावर पोसलं जातं आणि जमिनीवर आलं की विरतं. पश्चिमी झंझावात बहुधा भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होतात आणि उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांसोबत इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयापर्यंत येतात. वाटेत कॅस्पियन आणि अरबी समुद्राकडचं बाष्पही त्यांना मिळतं.

"बर्फाचा अंदाज होता, पडला नुसता पाऊस" ही तक्रारही नेहमीची. ढगातून बर्फच निघालेला असतो. खालच्या उबदार हवेत तो वितळतो. त्यामुळे एकाच झंझावातात सुमारे १,२०० मीटरवरच्या कुल्लूत धो धो पाऊस आणि ३,९७८ मीटरवरच्या रोहतांग खिंडीत बर्फ, असं सहज होतं. सुमारे २,००० मीटरवरचं मनाली या दोहोंच्या मधे आहे. तिथे तापमान अंशा-दोन अंशांनी चढलं-उतरलं, तरी पावसाचा बर्फ किंवा बर्फाचा पाऊस होतो.

या सगळ्याशी महाराष्ट्राचा संबंध नाही, असं निफाडचा द्राक्ष बागायतदार कधीच म्हणणार नाही. झंझावात पुढे सरकला, आकाश निवळलं की उत्तरेचे गार वारे खाली उतरतात आणि बागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. झंझावाताला समुद्राकडचं बाष्प मिळालं तर आपल्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीटही होते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाडा-विदर्भात उभी पिकं झोडपली होती.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रस्त्याची. बर्फ थांबला, ऊन पडलं, की लोक निर्धास्त होतात. दुपारी कडेचा बर्फ वितळून पाणी डांबरावर येतं आणि संध्याकाळी सावलीतल्या वळणांवर त्याचा पातळ, पारदर्शक थर गोठतो. वरून पाहिलं तर रस्ता नुसता ओला वाटतो. चालक याला ब्लॅक आइस म्हणतात. "आपली गाडी फोर बाय फोर आहे" हा भरवसा इथे घातक. चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी पुढे काढायला मदत करते. ब्रेक लावल्यावर ती लवकर थांबेल याची हमी देत नाही. स्थानिक चालक चाकांना साखळ्या बांधायला थांबला, तर त्याला घाई करू नका. त्याने परत फिरायचं म्हटलं, तर फिरा.

आणि बर्फात अडकलात तर काचा बंद करून, हीटर लावून बसणं सुरक्षित नाही. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेले वीसहून अधिक लोक दगावले. अनेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने गेल्याचं सांगितलं गेलं. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीत शिरतो. या वायूला वास नाही, रंग नाही. गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून सायलेन्सरभोवतीचा बर्फ वरचेवर उकरा, इंजिन थोडा वेळच चालू ठेवा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. हॉटेलच्या बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतूनही हाच वायू निघतो. झोपण्यापूर्वी ती खोलीबाहेर काढा.